गेममधलं भूत नको, नियम उचला

हॉरर गेमवरून पिक्चर काढायची खुमखुमी कोणत्या कॉलेजच्या ग्रुपला येत नाही? आम्हालाही आली होती. पण आपल्या भागात पडद्यावर भूत आणायचं, तर ते कोणाच्या अंगावर चढवायचं हे आधी ठरवावं लागतं.

रात्रीचे साडेबारा. रूमवर आम्ही चौघं, मोबाइल एक, हेडफोनची एकेक बाजू दोघांच्या कानात. लाइट बंद. 'ग्रॅनी' चालू. खेळणाऱ्याने ड्रॉवर उघडला, घाईत हातातली वस्तू खाली पडली आणि खण्णकन आवाज झाला. वरच्या मजल्यावर पावलं वाजली. चौघांचे श्वास बंद. पलंगाखाली शिरायच्या आधीच म्हातारी समोर उभी! "मरी गया रे भो!" एक जण ओरडला. शेजारच्या रूममधून भिंतीवर बुक्की आली.

पिंपळनेर असो, साक्री असो की धुळे, हा सीन तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा असेल. 'डीव्हीलोपर' या नावाने गेम बनवणाऱ्याने २०१७ मध्ये 'ग्रॅनी' मोबाइलवर आणला. बंद घर, आत एक म्हातारी आणि बाहेर पडायला पाच दिवस. बस, एवढंच. साध्या मोबाइलवरही चालतो, त्यामुळे गावोगाव पोहोचला.

त्या रात्री ठरलं की याच्यावर आपण शॉर्ट फिल्म काढायची. दोन दिवसांत स्क्रिप्टही झाली. वस्तीच्या टोकाला एकटं घर, घरात एकटी म्हातारी, मागे डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतायत. तीन पोरं पैज लावून रात्री त्या घरात शिरतात. लोकेशनचा खर्च शून्य. आपल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलकडे पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे आणि रात्री त्यांच्या पात्यांचा घुंईऽऽ घुंईऽऽ आवाज कुठल्याही बॅकग्राउंड म्युझिकला भारी पडतो.

स्क्रिप्ट वाचून झाली. सगळे खूश. फक्त एक जण गप्प. तो पश्चिमेकडच्या एका पाड्यावरचा. खूप वेळाने म्हणाला, "आमच्याकडे असं घर खरंच आहे. त्या बाईला लोक असंच म्हणतात. तिच्याकडे कोणी पाणीपण पीत नाही."

नंतर कोणी काही बोललं नाही. फिल्म झाली नाही. पण तेव्हापासून गेमवरून निघालेला कुठलाही हॉरर पिक्चर बघताना एकच प्रश्न डोक्यात असतो. यांनी गेममधून नक्की काय उचललं?

भीती अंगठ्यात असते

गेम आणि सिनेमा दोन्ही घाबरवतात, पण दोघांची पद्धत वेगळी. सिनेमात हिरोइन तळघराचं दार उघडते तेव्हा आपण ओरडतो, "अगं, नको जाऊ!" ती जाते. चूक तिची. गेममध्ये ते दार आपणच उघडतो. आवाज आपल्यामुळे होतो, पकडले आपण जातो. म्हणून खरी भीती असते ती स्क्रीनवर ठेवलेल्या आपल्या अंगठ्यात. म्हातारीचा चेहरा दहाव्या वेळी बघितला की हसू येतं, पण 'आवाज केला तर ती येणार' हा नियम दहाव्या वेळीही घाम काढतो.

चांगल्या हॉरर गेमचा नियम एका वाक्यात सांगता येतो. 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' घ्या. स्कॉट कॉथन या माणसाने २०१४ मध्ये बनवलेला गेम. तुम्ही एका पिझ्झा रेस्टॉरंटचे रात्रीचे वॉचमन. रात्री १२ ते सकाळी ६ खुर्चीत बसून कॅमेरे बघायचे आणि चालती-फिरती झालेली यंत्राची बाहुली जवळ आली की दार लावायचं. पण दार लावलं की वीज खर्च होते, कॅमेरा बघितला तरी खर्च होते आणि वीज मोजकीच. संपली की खेळ खल्लास! ऐन परीक्षेत लाइट जाण्याची सवय असलेल्या खान्देशी माणसाला ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

२०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला. दिग्दर्शक एमा टॅमी. खर्च साधारण २ कोटी डॉलर, कमाई २९ कोटी डॉलरच्या वर. बाहुल्या जिम हेन्सनच्या नावाजलेल्या वर्कशॉपने बनवलेल्या, एकदम दणदणीत. गेमच्या चाहत्यांनी थिएटर भरून टाकली, पण समीक्षकांना फारशी भीती वाटली नाही. माझ्या मते कारण सोपं आहे. सिनेमाने बाहुल्या घेतल्या, वॉचमन घेतला, त्याला लहान बहीण आणि हरवलेल्या भावाचं दुःखही दिलं. विजेचा हिशोब मात्र जवळजवळ सोडून दिला. भूत आलं, नियम मागे राहिला.

अडचणीतून निघालेलं धुकं

'सायलेंट हिल'ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. १९९९ चा हा जपानी गेम जुन्या प्लेस्टेशनवरचा. त्या मशीनची ताकद एवढी नव्हती की रस्त्याचं लांबवरचं दृश्य दाखवता येईल. मग बनवणाऱ्यांनी गावभर धुकं पसरवलं आणि मशीनची कमजोरी झाकली. आता समोर चार पावलांपलीकडे काय आहे ते दिसेना. गेमची सगळी भीती त्या धुक्यातच होती! २००६ मध्ये क्रिस्तोफ गान्स यांनी सिनेमा केला, तेव्हा धुक्याबरोबर आकाशातून पडणारी राख आली. त्यामागे अमेरिकेतलं सेंट्रेलिया हे खरं गाव होतं, जिथे १९६२ पासून जमिनीखाली कोळसा जळतोय आणि जे जवळजवळ ओस पडलंय. गोष्ट अनेकांना गोंधळाची वाटली, पण ते राखेचं गाव ज्याने पाहिलं तो विसरला नाही. 'पुढचं दिसणार नाही' हा गेमचा नियम सिनेमाने सांभाळला होता.

आणि नियम उचलायचा म्हणजे काय, हे बघायचं तर 'एक्झिट एट'. कोताके क्रिएट या नावाने २०२३ मध्ये आलेला छोटासा जपानी गेम. मेट्रो स्टेशनचा एक पांढराशुभ्र बोळ. तुम्ही चालता आणि पुन्हा त्याच बोळात येता. नियम असा, की काही वेगळं दिसलं तर मागे फिरा, सगळं नेहमीसारखं असेल तर पुढे चला. चुकलात तर पुन्हा शून्यापासून. भूत नाही, गोष्ट नाही, पात्राला नाव नाही. याच्यावर कोणी काय सिनेमा काढणार?

गेन्की कावामुरा यांनी काढला आणि मे २०२५ मध्ये तो कान महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या खेळात दाखवला गेला. सुरुवातीलाच गच्च भरलेल्या ट्रेनमध्ये एक माणूस बाळ रडतंय म्हणून त्याच्या आईवर खेकसतो. आपला हिरो बघतो आणि मान फिरवतो. मोबाइलमध्ये डोकं घालतो. थोड्या वेळाने तो त्या बोळात अडकतो, जिथून सुटायचा एकच मार्ग आहे, नीट बघणं! रोज बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या माणसाला 'बघितलंस तरच सुटशील' अशी शिक्षा. गेमच्या एका ओळीच्या नियमातून अख्खा माणूस उभा राहिला.

तुंबाड आपलाच गेम

तुम्ही म्हणाल, हे सगळं जपान-अमेरिकेचं. मराठी मातीत असा गेमवरून काढलेला हॉरर सिनेमा कुठाय? तसा थेट माझ्या माहितीत नाही. पण गेमच्या हाडाचा सिनेमा आपल्याकडे झालाय आणि बहुतेकांनी तो पाहिलाय. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड'. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, माणसं सगळी इथली. नारायण धारपांच्या भयकथेतून सुचलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं. शूटिंग २०१२ मध्ये सुरू झालं आणि सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. तेव्हा थिएटरात फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. ती गर्दी बरीचशी तुमच्या-माझ्या वयाची होती.

(ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

आता तो गेमसारखा बघा. विहिरीतून दोरीने खाली उतरायचं. पिठाचं रिंगण आखायचं आणि रिंगणाच्या आत राहायचं. कणकेची बाहुली टाकायची. हस्तर ती खायला येतो. तो खातोय तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातली सोन्याची मुद्रा ओढायची आणि दोरीने वर पळायचं. एका बाहुलीत जेवढं हाताला लागेल तेवढंच. ही सरळसरळ लेव्हल आहे! आणि शेवट कशाने होतो? एका बाहुलीऐवजी ढीगभर बाहुल्या नेल्या तर अख्खा लंगोटच मिळेल, ही पोराची आयडिया. म्हणजे चीट कोड. जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर. नियम मोडला की माणसाचा लोभ उघडा पडतो आणि 'तुंबाड'ची भीती हस्तरच्या लाल चेहऱ्यापेक्षा त्या लोभात जास्त आहे.

दुसरा सिनेमा तर नावानेच खेळ आहे, 'लपाछपी'. विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी सिनेमा. उसाच्या मळ्याच्या मधोमध घर, त्यात दिवस गेलेली नेहा (पूजा सावंत) आणि उसात लपाछपी खेळणारी पोरं. ऊस एवढा दाट की चार सऱ्या आत गेलं की कुठून आलो ते कळत नाही. ज्याने उसात पाणी भरलंय त्याला हे सांगायला नको. याच सिनेमावरून फुरिया यांनीच २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला. पण मुद्दा वेगळा आहे. 'लपाछपी'त सगळ्यात जास्त भीती वाटते ती तुळसाबाईची (उषा नाईक) आणि तुळसाबाई काही भूत नाही. मुलगी जन्माला येऊच नये, असं प्रेमाने डोक्यावर हात फिरवत सांगणारी आपल्यातलीच बाई आहे. भुतं आहेत ती मेलेली लेकरं. त्यांची भीती कमी, कीव जास्त वाटते.

म्हणजे फुरिया यांनी भुताची जागा आणि गुन्हेगाराची जागा वेगळी ठेवली. आमच्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच गोष्ट राहून गेली होती.

म्हातारी म्हणजे कोण?

स्वीडन-अमेरिकेतल्या पोराला 'ग्रॅनी' ही फक्त गेममधली म्हातारी वाटत असेल. आपल्या भागात तसं नाही. सातपुड्यात, नंदुरबारकडे, आपल्या पश्चिम पट्ट्यात एकट्या राहणाऱ्या, विधवा, म्हाताऱ्या बाईला 'डाकीण' ठरवून वाळीत टाकणं, मारहाण करणं हे खरोखर घडलेलं आहे. कोणाचं पोर आजारी पडलं, कोणाची म्हैस मेली की बोट तिच्याकडे. बऱ्याचदा मागे जमिनीचा वाद किंवा जुनं भांडण असतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं या प्रथेविरुद्ध काम केलंय.

२० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं भासवून तिला छळणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. हा कायदा हॉरर फिल्म काढायला बंदी घालत नाही, हे खरं. पण आमची फिल्म त्या पाड्यावरच्या पोरांनी व्हॉट्सॲपवर बघितली असती, तर टोकाच्या घरातल्या बाईकडे बघायची त्यांची नजर निवळली असती की आणखी बिघडली असती? उत्तर आम्हाला माहीत होतं. म्हणूनच सगळे गप्प बसलो.

आणि आपल्या तालुक्यात तर मोबाइलवरच्या भीतीने काय होतं, ते दुसऱ्या कोणी सांगायला नको. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, पोट भरायला फिरत आले होते. 'मुलं पळवणारी टोळी आलीय' ही अफवा आधीच मोबाइलवर फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या क्लिपांमध्ये एक खूप गाजलेली होती. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून पोर उचलून नेतात. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली छोटी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं लगेच परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. उरलं फक्त भूत!

फिल्म काढणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. मोबाइलवर शेवट गळून पडतो. आपण कितीही चांगला संदेश शेवटी ठेवला तरी पुढे जाते ती पंधरा सेकंदांची रील आणि त्या रीलमध्ये भूत म्हणून कोण दिसतंय, तेवढंच लोकांच्या डोक्यात राहतं. 'शेवटी दाखवलंय ना म्हातारी निर्दोष होती ते,' ही पळवाट चालत नाही.

शाळेतलं भूत

मग हॉरर करूच नये? करावा! आणि आपल्याच जखमेवर करावा. तैवानच्या पोरांनी हे करून दाखवलंय. 'रेड कँडल गेम्स' ही तैपेईतली छोटी टीम. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी 'डिटेन्शन' गेम काढला. १९६० च्या दशकातली डोंगरातली शाळा, वादळात अडकलेले दोन विद्यार्थी, फिरणारी भुतं. खेळत गेलं की हळूहळू कळतं, की हे तैवानमधल्या लष्करी कायद्याचे दिवस आहेत. बंदी घातलेली पुस्तकं वाचणारा शाळेतला एक छोटा गट पकडला गेलाय आणि त्याची खबर कोणीतरी आतूनच दिलीय. गेमचा खरा प्रश्न 'भूत कुठून येईल?' हा राहतच नाही. प्रश्न असतो, 'तू विसरलायस की तुला आठवायचंच नाही?'

सप्टेंबर २०१९ मध्ये जॉन स्यू यांनी यावर सिनेमा केला. त्याला गोल्डन हॉर्स पुरस्कारांत पाच बक्षिसं मिळाली, त्यात नवा दिग्दर्शक आणि रूपांतरित पटकथा ही दोन्ही होती. जो इतिहास घरात बोलायची चोरी होती तो आधी मोबाइल-कॉम्प्युटरवर खेळला गेला, मग थिएटरात बघितला गेला. त्यातलं भूत बिचाऱ्या एकट्या बाईच्या अंगावर चढवलेलं नाही. पाळत ठेवणाऱ्या सरकारच्या अंगावर आहे आणि गप्प बसणाऱ्यांच्याही.

मग आपण काय काढायचं?

आमच्या ग्रुपमध्ये नवीन आयडिया शिजतेय, ती सांगूनच टाकतो. नियम 'एक्झिट एट'सारखा साधा. एका पोराच्या मोबाइलवर रात्री मेसेज येतो. खरा असेल तर पुढे पाठवायचा, खोटा असेल तर थांबवायचा. चुकला की पुन्हा तीच रात्र, तीच खोली, तोच मेसेज. प्रत्येक वेळी खिडकीबाहेर माणसं वाढलेली. चेहरे अंधारात, हातात काठ्या. शेवटच्या फेरीत त्याला कळतं की त्या गर्दीत तोही उभा आहे. म्हातारी नाही, भिक्षेकरी नाही, बाहेरचा कोणीच नाही. भूत आपण!

बजेटचं म्हणाल तर शेजारच्या मालेगावकडे बघा. नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा डाकू घोड्यांऐवजी सायकलवरून आले. लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे त्या पोरांवरच 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी आली आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. घोडा नाही तर सायकल, लांबचा रस्ता दाखवता येत नाही तर धुकं. पैशाची अडचण दरवेळी रडायला नसते.

युवारंगची तयारी करणाऱ्या, रील काढणाऱ्या सगळ्या ग्रुप्सना एवढंच सांगणं आहे. गेम आवडला तर तो पुन्हा एकदा आवाज बंद करून खेळा आणि बघा, भीती कशात आहे. ती एका वाक्यात लिहा. मग त्या वाक्याला आपल्या गावात घर शोधा.

आमच्या त्या गप्प बसलेल्या मित्राला आम्ही परवा नवीन स्क्रिप्ट वाचून दाखवली. शेवट ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ही पाड्यावर दाखवू. पडदा मी आणतो."

चौकट : शूटला निघण्याआधी

• आयडियावर कोणाचा कॉपीराइट नसतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा सिनेमा यांच्या वादात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये हेच सांगितलं. पण ती आयडिया ज्या रूपात मांडली ते रूप, म्हणजे पात्रं, चित्रं, संवाद, संगीत, हे कॉपीराइट कायदा, १९५७ खाली मालकाचं असतं.

• म्हणून गेमचं नाव, पात्राचा चेहरा आणि गेममधले आवाज वापरू नका. 'आम्ही पैसे कमवत नाही' म्हटलं म्हणजे सगळं माफ होतं, असं नाही.

• आवाज स्वतः रेकॉर्ड करा. पवनचक्की, पांझरेचं पाणी, पत्र्यावरचा पाऊस, रात्री विहिरीवर चालू झालेली मोटर. हॉररमध्ये अर्धी भीती कानातून येते.

• खऱ्या घरात, शेतात शूट असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि रात्रीचं शूट असेल तर गावात आधी सांगून ठेवा. अंधारात तोंड रंगवून फिरणारी अनोळखी पोरं बघून गैरसमज व्हायला वेळ लागत नाही.

• पंधरा सेकंदांची चाचणी. फिल्मचा कुठलाही तुकडा कापून वेगळा फिरला, तर त्यात कोणी खरा माणूस किंवा कोणता समाज भूत ठरतोय का? ठरत असेल तर तो सीन पुन्हा लिहा.